पावसाआधी अभिलेख कक्ष: वर्गीकरण आणि निंदणीकरणाची तयारी

पुण्यात जूनचा दुसरा आठवडा उजाडला की कपाटातल्या कागदाला दमट वास येऊ लागतो. म्हणून वर्गीकरण आणि निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले कागद वेचून काढणे, मे महिन्यातच उरकावे. मार्चअखेरची घाई संपलेली असते, कागद कोरडा असतो आणि गठ्ठे सोडून पसरायला व्हरांड्यात सावलीची जागा मिळते. आधी साहित्य जमवा: जाड पुठ्ठे, सुती रुमाल, नाड्या, मऊ ब्रश, मास्क, हातमोजे, शिसपेन्सिली आणि कोऱ्या याद्या. रबरबँड आणि सेलोटेप टेबलावरही ठेवू नका. रबर वितळून कागदाला चिकटते, आणि टेप पिवळी पडून खालची अक्षरे घेऊन निघते.

मग प्रत्येक कार्यासनाने (एका लिपिकाच्या टेबलाने) सहा गठ्ठा पद्धतीतले आपले सहा गठ्ठे समोर घ्यावेत. कार्यवाहीची प्रकरणे, प्रतीक्षाधीन (उत्तराची वाट पाहणारी), नियतकालिके (ठरावीक काळाने पाठवायची विवरणपत्रे) आणि स्थायी आदेश संचिका जागच्या जागी राहतील. आपले काम उरलेल्या दोन गठ्ठ्यांशी: अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नाश करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. हे दोन गठ्ठे वर्षभर नीट सांभाळले असतील तर मे महिन्यातले काम चार दिवसांचे असते. नसतील तर आधी टेबलाखालचे आणि कपाटावरचे ढीग उतरवून त्यांची नोंद आवक आणि कार्यविवरण नोंदवहीशी ताडून घ्या.

कागद किती काळ जपायचा यावरून ठरणारे वर्ग सगळ्यांना पाठ असतात. ‘अ’ कायम, ‘ब’ 30 वर्षे, ‘क’ 10 वर्षे, ‘क-1’ 5 वर्षे आणि ‘ड’ 1 वर्ष. चुका होतात त्या मुदत मोजताना. मुदत प्रकरण उघडल्यापासून मोजायची नसते, ते बंद झाल्यापासून मोजायची असते. समजा प्रकरण 2012 मध्ये उघडले, अंतिम आदेश मार्च 2016 मध्ये झाला आणि वर्ग ‘क’ आहे. मुदत मार्च 2026 पर्यंत जाते. मुखपृष्ठावरचे ‘2012’ पाहून कोणी हिशेब केला तर ते 2022 मध्येच, म्हणजे चार वर्षे आधी नाशाच्या यादीत जाईल. त्या आदेशाविरुद्ध अपील झाले असेल तर अपिलाचा निकाल लागेपर्यंत प्रकरण बंद झालेच नाही असे धरा. यासाठी प्रकरण बंद झाल्याची तारीख आणि वर्ग हे दोन्ही मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात हवेत. ते लिहायचे काम ज्याने प्रकरण हाताळले त्याचेच. बदली झाल्यावर मागून आलेला लिपिक पन्नास पाने चाळून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बहुधा खालच्या वर्गाकडे झुकतो.

मिश्र प्रकरणांना जास्त वेळ द्या. भूसंपादनाची एक संचिका उघडून पाहा. निवाडा, संयुक्त मोजणीचा नकाशा, मोबदला वाटपाचा तक्ता, ताबा पावती, आणि त्यांच्यामध्ये स्मरणपत्रे, बैठकीच्या नोटिसा, एकाच पत्राच्या चार प्रती. स्मरणपत्रांची गर्दी पाहून अख्खी संचिका खालच्या वर्गात टाकण्याचा मोह होतो. तो टाळा. संचिकेतल्या सर्वांत महत्त्वाच्या कागदाचा वर्ग तो संपूर्ण संचिकेचा वर्ग. जादा प्रती आणि कच्चे मसुदे तेवढे बाजूला काढा. 2013 चा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्याच्या कलम 24(2) मुळे जुन्या प्रकरणांत ताबा घेतला होता का, मोबदला दिला होता का, हे प्रश्न न्यायालयात उभे राहिले, आणि कित्येक वर्षांपूर्वीची एक पानी ताबा पावती निर्णायक ठरू लागली. कुणबी नोंदींचा शोधही तसाच. 2023 मध्ये राज्यभर 1967 पूर्वीचे गाव नमुना 14 (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) आणि शाळांची प्रवेश रजिस्टरे धुंडाळली गेली, त्यात मोडीतले कागदही आले. मोडी वाचता येत नाही म्हणून कुठलाही कागद ‘ड’मध्ये टाकू नका. जाणकाराकडून वाचून घ्या, पुराभिलेख विभागाला विचारा. पेशवे दफ्तर आपल्याच शहरात आहे.

नाशाची यादी पक्की होण्याआधी तिच्यातले प्रत्येक प्रकरण चार ठिकाणी तपासा: न्यायालयीन प्रकरणांची नोंदवही, प्रलंबित लेखाआक्षेप, विभागीय चौकशी आणि माहिती अधिकाराचे अर्ज व अपिले. यातल्या एकातही नाव सापडले तर मुदत संपलेली असली तरी ते यादीतून काढा आणि मुखपृष्ठावर तांबड्या शाईत कारण लिहा. मागितलेली माहिती नष्ट केली तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 20 खाली 25,000 रुपयांपर्यंत दंड होतो. विहित पद्धत सोडून अभिलेख नष्ट केल्यास महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 नुसार 5 वर्षांपर्यंत कारावास, 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्कॅन झाले म्हणून मूळ कागद मोकळा होत नाही. त्याची मुदत तीच राहते.

गठ्ठा बांधण्याआधी टाचण्या आणि स्टेपल काढा, कारण पहिल्या दोन पावसाळ्यांत त्यांचा गंज कागदात उतरतो. टिपणी आणि पत्रव्यवहार यांचे पृष्ठांकन वेगवेगळे, पेन्सिलने. ए-फोर आकाराच्या 1,000 कागदांचे वजन साधारण 5 किलो भरते. गठ्ठा त्याहून जड करू नका, नाहीतर वरच्या फळीवरून उतरवताना तो हातून सुटतो आणि नाडीजवळची पाने फाटतात. रुमाल वर्गानुसार वेगळ्या रंगाचा ठेवा. यादीच्या तीन प्रती करा: एक गठ्ठ्यात, एक अभिलेखपालाकडे, एक कार्यासनात.

कक्षात सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान वीतभर उंच हवी, आणि रॅक भिंतीपासून तेवढेच दूर. भिंतीला टेकलेल्या गठ्ठ्यात ओल आणि वाळवी दोन्ही शिरतात. वरून पाण्याची पाइप जात असेल तर तिच्याखाली काहीच ठेवू नका. नदीकाठच्या कार्यालयांनी ‘अ’ वर्ग तळमजल्यावर ठेवू नये. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटले तेव्हा पाणी पेठांमधून कुठवर चढले होते हे शहराला माहीत आहे.

नाश कार्यालयप्रमुखांच्या लेखी मंजुरीनंतरच. कागद आधी यंत्रातून बारीक करा किंवा लगद्यासाठी देताना स्वतः हजर राहा. अख्खे कागद रद्दीवाल्याकडे गेले तर कोणाचा तरी आधार क्रमांक भेळेच्या पुडीवर फिरेल. नाश नोंदवहीत यादी, मंजुरीचा क्रमांक, तारीख आणि हजर असलेल्यांच्या सह्या घ्या. ही नोंदवही स्वतः कायम जपायची.

सगळे लागले की दुसऱ्या कार्यासनातल्या कोणाला तरी यादीतले कुठलेही तीन क्रमांक द्या आणि दहा मिनिटांत त्या संचिका आणायला सांगा. एक जरी मिळाली नाही, तर त्या रॅकचे सगळे गठ्ठे यादीशी पुन्हा ताडा आणि मगच कक्षाला कुलूप लावा.