थंडीत गाडी अडते तेव्हा आधी स्टार्टर ऐका
पहाटेच्या गारठ्यात गाडी लवकर सुरू होत नसेल, तर नवी बॅटरी आणायला निघण्यापूर्वी स्टार्टरचा, म्हणजे इंजिनला सुरुवातीला फिरवणाऱ्या मोटरचा, आवाज नीट ऐकावा. इंजिन जड, रेंगाळत फिरत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढरट-हिरव्या थरात असतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी मल्टिमीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दाखवते आणि स्टार्टर फिरताना हा आकडा ९.६च्या खाली घसरला, तर ती थकली असे समजावे. इंजिन जोमाने फिरूनही पेट घेत नसेल, तर डिझेल गाडीत ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) तपासावेत. पेट्रोल गाडीत मात्र चावी दोन-तीनदा नुसती ‘ऑन’ करून, इंधन पंपाची गुणगुण थांबल्यावर स्टार्टर मारावा. एवढ्याने गाडी लगेच सुरू झाली, तर रात्रीतून इंधनाचा दाब उतरत असावा, हे मेकॅनिकला आवर्जून सांगावे.