पेपर वाचून कौतुक-टीकेचे इंग्रजी शब्द शिकताय? या चुका टाळा

‘स्लॅम – टीका करणे. फ्ले – टीका करणे. सेन्शर – टीका करणे.’ अशी वही कुणी पुढे केली की ती मिटून परत द्यावीशी वाटते. तिन्हींना एकच अर्थ लिहायचा, तर पाठ तरी कशाला करायचे?

सगळ्यात महागात पडते ती मथळ्याची भाषा. स्लॅम, रॅप, फ्ले हे टीकेचे आणि हेल (hail) हा कौतुकाचा, हे शब्द तिथे सारखे दिसतात, कारण ते आखूड आहेत आणि कॉलमात बसतात. माझा एक जुना विद्यार्थी सरकारी नोकरीत लागला आणि बैठकीचं इतिवृत्त इंग्रजीत लिहायचं काम त्याच्याकडे आलं. पठ्ठ्यानं लिहिलं, ‘द चेअरमन स्लॅम्ड द एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर.’ मसुदा दुरुस्तीसाठी फिरत फिरत गेला तो त्या इंजिनिअरच्याच टेबलावर! पुढे काय झालं ते सांगायला नको. तिथे ‘एक्स्प्रेस्ड डिसप्लेजर’, म्हणजे नाराजी व्यक्त केली, एवढंच हवं होतं. म्हणून मथळ्यातला शब्द वहीत घेतला की खालच्या बातमीत त्याच्या जागी काय लिहिलंय ते शोधून मी शेजारी टिपायला लावतो. बहुतेक वेळा साधं ‘क्रिटिसाइज्ड’ निघतं.

दुसरी चूक, शब्द एकटाच उचलायचा. ‘अक्यूज’ला ‘ऑफ’ लागतं, ‘ब्लेम’ला ‘फॉर’, ‘चार्ज’ला ‘विथ’. अख्खं वाक्य उतरवून घ्या. हात दुखेल, दुखू दे. आणि ‘अक्यूज’ कुणीही कुणालाही करतो. गुन्ह्याच्या बातमीत ‘चार्ज्ड’ आलं की प्रकरण कायद्याच्या वाटेला लागलेलं असतं. ‘कन्व्हिक्टेड’ तर कोर्टानं दोषी ठरवल्यावरच.

‘सेन्शर’ (censure, औपचारिक निंदा) म्हणजे ‘सेन्सर’ (censor, मजकुराला कात्री लावणे) नव्हे. लोकसभेत सेन्शर मोशन, म्हणजे निंदा ठराव, आणायचा तर कारणं द्यावी लागतात, अविश्वास ठरावाला ती लागत नाहीत. स्पर्धा परीक्षावाल्यांना हा फरक तरी माहीत हवा.

‘नोटोरियस’ म्हणजे कुप्रसिद्ध. आवडत्या खेळाडूला लावू नका.

‘फुलसम प्रेज’ नेहमीच भरभरून कौतुक नसतं; अनेकदा त्याला खुशामतीचा वास असतो.

‘रोज पन्नास शब्द’वाल्या पीडीएफ डिलीट करा. एका अग्रलेखातले चार शब्द पुरेत, पण ते दुसऱ्या दिवशी स्वतःच्या वाक्यात आले पाहिजेत. कौतुकाचे शब्द हवे असतील तर क्रीडा पान आणि पुस्तक परीक्षणं वाचा. राजकीय पानावर ‘हेल’ करणारे बहुधा त्याच पक्षाचे प्रवक्ते असतात.