परदेशी दत्तकाची फाइल अडकली तर काय करायचं, आणि दबाव टाकायचाच तर कशासाठी

सुदामा नगर घ्या नाहीतर लोकमान्य नगर, इंदूरच्या मराठी घरांतली कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुणाचा पुतण्या बाहेर स्थायिक झालाय आणि त्यातल्या काहींना भारतातूनच मूल दत्तक घ्यायचंय. तिकडच्या सरकारने परदेशी दत्तक थांबवलं अशी बातमी आली की इकडे सगळे काका-मामा कामाला लागतात, खासदाराचं पत्र मिळेल का, भोपाळला कोण ओळखीचं, दिल्लीत कोण. थोडं थांबा. आधी नेमकं काय थांबलंय ते विचारा.

म्हणजे असं की नवीन अर्ज बंद झालेत का चालू फाइलीपण? थांबवलंय कुणी, त्या देशाने का आपल्या काराने (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था)? आणि तुमची फाइल कुठे आहे, काराच्या केअरिंग्ज पोर्टलवर नुसतं रजिस्ट्रेशन झालंय, का मूल दाखवलं आणि तुम्ही हो म्हणालात, का काराची एनओसी आली, का कलेक्टरची ऑर्डरपण निघाली? (सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाची ऑर्डर कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, तरी लोक अजून कोर्टातच विचारत फिरतात, तुम्ही मोती तबेल्याला कलेक्टोरेटमध्ये आणि महिला-बाल विकासच्या जिल्हा ऑफिसात विचारा.) उत्तर तिकडच्या अधिकृत एजन्सीकडून लेखी घ्या, ईमेलवर. फोनवर कुणी "होऊन जाईल हो" म्हणालं तर ते धरू नका. चीनने सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं तेव्हा ज्यांचं मूल ठरलेलं होतं अशी शेकडो कुटुंबंसुद्धा मधेच अडकली, त्यामुळे मॅच झालंय म्हणजे आता काळजी नाही असं समजू नका.

मग बघा का थांबलंय, कारण सगळ्या बंदी सारख्या नसतात आणि इथेच आपले लोक गल्लत करतात. रशियाने २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांना दत्तक द्यायचं बंद केलं ते सरळसरळ राजकारण होतं, अमेरिकेने रशियन अधिकाऱ्यांवर निर्बंध घालणारा मॅग्निट्स्की कायदा केला त्याचं उत्तर म्हणून, आणि भोगलं कुणी तर संस्थांमध्ये वाट बघणाऱ्या मुलांनी. त्याचा राग येणं बरोबर आहे. ग्वाटेमालाचं तसं नव्हतं. तिथे सगळा कारभार खाजगी वकिलांच्या हातात, पैसा प्रचंड, २००७ या एका वर्षात साडेचार हजारांवर मुलं अमेरिकेत गेली आणि त्यात आईला फसवून घेतलेली, पळवलेली मुलंपण निघाली. ते थांबवायलाच हवं होतं. रोमानियाला तर दोन्हीकडून ओढाताण झाली, युरोपीय संसदेतून ब्रिटिश खासदार एमा निकल्सन बंद करा म्हणून मागे लागलेल्या आणि अमेरिकेतले नेते आमच्या लोकांच्या अडकलेल्या फाइली सोडा म्हणून, शेवटी २००१ मध्ये स्थगिती आली आणि २००५ पासून जवळजवळ पूर्ण बंदी. नेदरलँड्सने २०२१ मध्ये दत्तक थांबवलं ते चौकशी समितीने बांगलादेश, श्रीलंका, इंडोनेशिया, ब्राझील, कोलंबिया इथल्या जुन्या दत्तकांमधले गैरप्रकार समोर आणल्यावर. आणि आपल्याकडे सगळं स्वच्छ होतं असंही नाही, आंध्रात लंबाडा (बंजारा) तांड्यांवरून मुली विकत घेतल्याची प्रकरणं गाजलीच आहेत. सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात नियम घालून दिले ते याच भीतीपोटी.

आता दबावाचं. खासदाराला पत्र लिहा, जरूर लिहा, पण मागताय काय ते नीट बघा. "तपासणी न करता फाइल सोडा" असं एका शब्दानेही मागू नका. मला हे फार मनापासून सांगायचंय. घोटाळा होतो तो घाईत आणि वरून दबाव आला की, आणि त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला एक आई असते जिला कुणी विचारलेलं नसतं. पत्रात मागायचं ते असं की तपासणी होऊ द्या पण ठरलेल्या मुदतीत होऊ द्या, ज्या मुलांना आईबाप दाखवून झालेत त्यांची वेगळी यादी करा, आणि परदेशाचं दार बंदच होणार असेल तर मुलाला ताटकळत न ठेवता इथल्याच कुटुंबासाठी मोकळं करा. हा शेवटचा मुद्दा लिहिताना हात अडखळतो, मूल आपल्याला हवं असतं ना, पण तो लिहिलात तर पत्रातली बाकीची मागणीपण खरी वाटते. पत्र छोटं, रजिस्ट्रेशन नंबर, तारखा, कुठल्या ऑफिसात किती दिवस पडलंय एवढंच. सोबत सीपीग्रॅम्सवर, म्हणजे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार टाका, तिचा नंबर मिळतो.

मुलाचा फोटो मात्र व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकून "शेअर करा" करू नका, समाजाच्या ग्रुपवरही नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

वाट बघून माणूस थकला की कुणीतरी आडवाट सुचवतंच, अमुक नर्सिंग होममध्ये बाळ आहे, पन्नास रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून घेऊ. अजिबात नको. मुलाची खरेदी-विक्री म्हणजे पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी, हॉस्पिटलचा माणूस त्यात असेल तर तीन ते सात, आणि असं मूल व्हिसावर बाहेर जाणारच नाही. असं कानावर आलं तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर, कळवा. नात्यातलं मूल घ्यायचं असेल तर कायदेशीर रस्ता आहे, काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा एवढेच त्यात नातेवाईक धरतात, पण तेही काराच्या मार्फतच. नुसतं दत्तकपत्र रजिस्टर करून विमानतळ गाठायचा नाही.

कागदांचं काय बघायचं? मूल सोडून दिलेलं सापडलं असेल तर बाल कल्याण समितीने आईबापांचा शोध घेतला का, आणि मूल दत्तकासाठी मोकळं असल्याची ऑर्डर कुठल्या तारखेची आहे. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ही प्रक्रिया दोन महिन्यांची, मोठ्यासाठी चार महिन्यांची. आईने स्वतः सुपूर्द केलं असेल तर तिला फेरविचाराला साठ दिवस असतात, ते पूर्ण झाले का हे विचाराच, विचारायला लाजू नका आणि एजन्सी चिडली तर आणखी विचारा. मूल घरी आलं की मुलाचा अभ्यास अहवाल, मेडिकल रिपोर्ट, कलेक्टरची ऑर्डर, काराचं प्रमाणपत्र सगळं स्कॅन करून इंदूरला एक आणि तिकडे एक असं ठेवा, कारण मूल मोठं झालं की आपलं मूळ शोधायला काराकडे अर्ज करू शकतं आणि तेव्हा पहिल्यांदा हेच कागद लागतात.