मंडळीत लैंगिक वर्तनाची तक्रार आली तर: सभासद करून घेण्यापासून पुन्हा सामावून घेण्यापर्यंत

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, अशी तक्रार आली की बहुतेक वडीलमंडळं, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे वडीलजन, लगेच बायबलमधला मत्तय १८ उघडतात: चुकलेल्याला आधी एकांतात, मग एक-दोघांसह, मग मंडळीसमोर समज द्यावी, असं सांगणारा अध्याय. खरं तर त्याआधी दोन कामं झालेली असायला हवीत. पहिलं म्हणजे सभासद करून घेतानाच शिस्तीची पद्धत लेखी सांगितलेली असणं, आणि दुसरं म्हणजे आलेली तक्रार कोणत्या जातीची आहे हे ठरवणं. ही दोन्ही राहिली तर पुढची पावलं कितीही वचनाला धरून टाकली तरी प्रकरण चिघळतं.

सभासद करून घेताना

उपासनेला येणारा आणि सभासद यांतला फरक कागदावर स्पष्ट हवा. शिस्त लागू होते ती सभासदाला. दर रविवारी येणाऱ्या, पण नाव न नोंदवलेल्या माणसाला बोध करता येतो, त्याच्यासाठी प्रार्थना करता येते, मात्र त्याच्यावर ठराव करता येत नाही. नव्या सभासदांच्या वर्गात शिस्तीवर एक अख्खा धडा ठेवा आणि नियमावलीची प्रत घरी वाचायला द्या. सही त्याच दिवशी घेऊ नका, पुढच्या भेटीत घ्या.

नियमावलीत 'अनैतिक वर्तन' एवढाच शब्द घालून भागत नाही. विवाहबाह्य संबंध, विवाहापूर्वीचे संबंध, लग्नाशिवाय एकत्र राहणं, पोर्नोग्राफीची सवय, घटस्फोटानंतरचं दुसरं लग्न, समलिंगी संबंध या प्रत्येकाबद्दल मंडळीची भूमिका काय, ती सभासदत्वाला आड येते की फक्त सेवेच्या पदाला, हे वेगवेगळं लिहा. निरनिराळ्या ख्रिस्ती परंपरांची उत्तरं यावर सारखी नाहीत. माणूस दहा वर्षं देणगी देऊन, मुलांचे बाप्तिस्मे करून झाल्यावर त्याला ती कळावीत हा अन्याय आहे. कशावर शिस्त लागणार नाही तेही लिहा: मोह होणं, आकर्षण असणं, सभासद होण्याआधीच्या आणि सोडून दिलेल्या गोष्टी, अत्याचाराला बळी पडणं, आणि गर्भार असणं. शेवटचं मुद्दाम लिहिलं आहे. जिचं दिसतं तिच्यावर कारवाई होते आणि ज्याचं दिसत नाही तो पुढच्या रविवारी वर्गणी गोळा करत फिरतो, असं पुष्कळ ठिकाणी घडत आलं आहे. बायबलमधल्या योहान ८ मध्येही व्यभिचाराच्या आरोपावरून येशूसमोर ओढून आणलेली होती ती एकटी बाईच.

राजीनाम्याचं कलम सर्वांत काळजीपूर्वक लिहावं. 'चौकशी चालू असताना राजीनामा स्वीकारला जाणार नाही' असं काही मंडळ्या घालतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सभासदत्व सोडलेल्या एका स्त्रीच्या अशाच प्रकरणात निकाल दिला. सभासद असेपर्यंत मंडळीने केलेल्या कारवाईत न्यायालय पडणार नाही, पण तिने सभासदत्व सोडल्यानंतर मंडळीने तिची खासगी वागणूक लोकांसमोर मांडली त्याला धर्मस्वातंत्र्याचं संरक्षण मिळणार नाही, असा त्याचा मथितार्थ. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असला तरी त्यामागचं तत्त्व धरून चालावं. मंडळीचा अधिकार त्या माणसाच्या संमतीवर उभा असतो. राजीनामा आला की तारीख टाकून तो नोंदवा, नाव काढा आणि थांबा. राहिलेल्या सभासदांना 'त्यांनी सभासदत्व सोडलं आहे' एवढं सांगणं पुरतं.

तक्रारीची जात ओळखणं

तक्रार कानावर आली की त्याच दिवशी, पुढचा एकही फोन करण्याआधी, ती चारपैकी कशात बसते ते पाहा.

गुन्हा असेल, म्हणजे त्यात अल्पवयीन मूल, बळजबरी, धमकी किंवा संमतीशिवाय काढलेली वा पसरवलेली छायाचित्रं असतील, तर मत्तय १८ बाजूला ठेवा. 'तू आणि तो एकांतात असताना त्याचा अपराध त्याला दाखव' हे बळी पडलेल्याला सांगणं म्हणजे तिला पुन्हा त्याच खोलीत पाठवणं. पोलीस किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवा. अनेक देशांत हे कायद्यानेच बंधनकारक आहे. स्वतः चौकशी करू नका. मुलाला पुन्हा पुन्हा विचारलं की त्याची साक्ष बिघडते, म्हणून त्याने आपणहून सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि तिथेच थांबा. आरोपीला आधी सावध केलं तर फोनमधले पुरावे जातात. क्षमा कर, मंडळीचं नाव जाईल, असं कुणीही कुटुंबाला बोलायचं नाही, आणि हे वडीलमंडळातल्या माणसांच्या बायकांनाही बजावून ठेवावं लागतं.

कॅथोलिक धर्मगुरूला पापनिवेदनात ऐकलेलं उघड करता येत नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने त्यावर कडक शिक्षा ठेवली आणि ते बंधन आजही कायम आहे. अशा वेळी बळी पडलेल्याने हीच गोष्ट निवेदनाबाहेर, दुसऱ्या संभाषणात सांगावी यासाठी त्याला धीर देणं हा धर्मगुरूच्या हातातला मार्ग आहे.

दुसरी जात सत्तेच्या गैरवापराची. पाळक आणि समुपदेशनाला येणारी व्यक्ती, तरुणसंघाचा पुढारी आणि संघातली मुलगी, यांच्यातल्या प्रकाराला 'प्रेमप्रकरण' म्हणू नका, दोघं सज्ञान असले तरी. ज्याच्याकडे लोक जखमा उघड्या करून बसतात त्याच्यासमोर 'संमती' या शब्दाचा अर्थ पातळ होतो. यात समोरच्या व्यक्तीवर शिस्तीची कारवाई होत नाही. पुढाऱ्याला त्याच दिवशी सेवेतून बाजूला करा, चाव्या आणि खात्यांचे पासवर्ड परत घ्या, आणि चौकशी मंडळीबाहेरच्या, त्याच्याशी नातं वा मैत्री नसलेल्या माणसांकडे द्या. सिनड (अनेक मंडळ्यांवरची सभा) किंवा बिशप असलेल्या परंपरेत ते वरच्या अधिकाऱ्याचं काम आहे. कॅथोलिक मंडळीत पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाने बिशपांविरुद्धच्या तक्रारींसाठीही कार्यपद्धती घालून दिली आहे.

इथे बायबलमधलं १ तीमथ्य ५:१९ ढालीसारखं पुढे येतं: दोन-तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलावरचा आरोप ऐकू नये. लैंगिक प्रकारांना डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार असतात कुठे? संदेश, कॉलची नोंद, प्रवासाची तिकिटं, दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे सांगितलेला तसाच अनुभव, हेच इथले साक्षीदार. आणि पुढचंच वचन, पाप करत राहणाऱ्या वडिलाला सर्वांदेखत दोष दे, तेवढ्याच मोठ्याने वाचायला हवं.

तिसरी जात अफवेची. सांगणारा नाव द्यायला आणि स्वतः काय पाहिलं ते लिहून द्यायला तयार नसेल, तर ती तिथेच थांबवा आणि त्याला तसं सांगा. अपवाद पहिल्या दोन जातींचा. मुलाला धोका असल्याची निनावी चिठ्ठीदेखील पुढे कळवायचीच.

चौथी जात दोन सज्ञान माणसांच्या, परस्परसंमतीच्या पापाची. मत्तय १८ ची पायऱ्यांची वाट आहे ती हिच्यासाठी.

पायऱ्या

पहिल्या भेटीत एकच माणूस जातो, ज्याला गोष्ट थेट माहीत आहे तो. पुरुषाकडे पुरुष, स्त्रीकडे स्त्री. निरोप किंवा संदेश पाठवून हे काम होत नाही, कारण संदेशाचे फोटो तासाभरात गावभर होतात. काय कळलं, कुठून कळलं आणि हे खरं आहे का, एवढंच विचारा. तपशील विचारू नका. किती वेळा, कुठे, कसं, या प्रश्नांनी पश्चात्ताप वाढत नाही, विचारणाऱ्याचं कुतूहल तेवढं भागतं. तो नाकारतो आणि तुमच्याकडे दुसरं काही नाही, तर प्रकरण थांबतं. संशय मनात ठेवून त्याच्याशी वागायचं नाही.

मान्य केलं आणि सोडलं, तर गोष्ट तिथेच संपते. वडीलमंडळाला अहवालही लागत नाही, पदावरचा माणूस असेल तर सोडून. हा टप्पा वगळून थेट सभेत नाव घेणं ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे, आणि तिच्यामागे बहुधा जुना वैरभाव असतो.

ऐकलं नाही, किंवा मान्य करूनही संबंध चालूच ठेवला, तर एक-दोन जणांना घेऊन पुन्हा जा. त्यातला एक तरी त्याच्या विश्वासातला हवा. जाणाऱ्यात कुणाचा आप्त, व्यवसायातला भागीदार किंवा सोयरीक जुळवणारा नको. भेट तासाभराच्या आत संपवा. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या १९:१५ पासून चालत आलेली दोन-तीन साक्षीदारांची अट इथे दोन्ही बाजूंना वाचवते, कारण काय बोललं गेलं याचे साक्षीदार होतात. त्या संध्याकाळी टिपण लिहा: तारीख, हजर कोण, काय सांगितलं, त्याचं उत्तर, पुढची भेट कधी. 'व्यभिचारी', 'निर्लज्ज' अशी विशेषणं टिपणात नकोत. ते एखाद दिवशी न्यायालयात वाचलं जाऊ शकतं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवून अशा दोन भेटी होऊ द्या.

विवाहित माणसाच्या बाबतीत जोडीदाराला सांगायचं कुणी? त्यानेच, ठरलेल्या तारखेच्या आत. त्यात भावनांइतकाच आरोग्याचा प्रश्न असतो, आणि दोघांची तपासणी लागू शकते. जोडीदाराला 'क्षमा केलीस ना, मग घरात घे' असं कधी म्हणू नका. क्षमा आणि एकत्र राहणं हे दोन निर्णय आहेत, आणि दुसरा मंडळीचा नाही.

त्यानंतर लेखी पत्र. त्यात आरोप, झालेल्या भेटींच्या तारखा, मंडळीची अपेक्षा, उत्तराची मुदत आणि बाजू मांडण्याचा हक्क, सोबत एक माणूस आणण्याच्या मुभेसह. प्रेस्बिटेरियन पद्धतीत निर्णय वडीलमंडळाचा, बाप्टिस्ट व इतर स्वतंत्र मंडळ्यांत बहुधा सभासदांच्या मतदानाचा. नियमावलीत गणपूर्ती आणि लागणारं बहुमत लिहिलेलं नसेल तर ठराव टिकत नाही.

दंडाच्याही पायऱ्या असतात. सतराव्या शतकातल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात, म्हणजे श्रद्धेच्या लेखी जाहीरनाम्यात, तीन सांगितल्या आहेत: बोध, प्रभुभोजनापासून (येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीपासून) काही काळ दूर ठेवणं, आणि मंडळीबाहेर काढणं. मधली पायरी गाळू नये. पुष्कळ माणसं प्रभुभोजनाच्या मेजावरून उठवल्यावर जागी होतात.

सभेत काय सांगायचं

फक्त सभासदांची सभा घ्या. मुलं नकोत, थेट प्रक्षेपण बंद, मोबाइल गटात एक ओळही नको. आधी लिहून काढलेलं वाचा. उदाहरणार्थ: 'आपले सभासद श्री. अमुक यांनी विवाहनिष्ठेविरुद्ध वर्तन केलं व चार भेटी आणि दोन पत्रांनंतरही ते सोडण्यास नकार दिला आहे. वडीलमंडळाने त्यांचं सभासदत्व काढण्याची शिफारस केली आहे. त्यांच्याशी बोलत राहा, त्यांनी परतावं म्हणून प्रार्थना करा.' दुसऱ्या व्यक्तीचं नाव नाही, तपशील नाही, प्रश्नोत्तरं नाहीत.

काय काढून घेतलं तेही स्पष्ट सांगा: प्रभुभोजन, मतदान, पद, शिकवण्याची सेवा. उपासनेला बसणं बंद करू नका, कुणाच्या सुरक्षेला धोका असेल तर गोष्ट वेगळी. १ करिंथ ५:११ मधलं 'त्याच्याबरोबर जेवूही नका' हे कुठवर न्यायचं यावर मतभेद आहेत. पण बायको, मुलं आणि म्हातारे आईवडील यांच्यावर ते लादलं की घर मोडतं आणि परतीची वाटही.

परत घेणं

करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने आधी एका माणसाला बाहेर काढायला सांगितलं. २ करिंथ २:६-८ मध्ये तो कुणा एकाला बहुमताने दिलेली शिक्षा पुरेशी झाली, आता क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असं लिहितो. तो हाच माणूस की दुसरा, यावर अभ्यासक एकमताचे नाहीत, पण सूचना दोन्ही प्रकारे लागू पडते. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने व्यभिचारासाठी १५ वर्षांचं प्रायश्चित्त ठरवलं होतं: ४ वर्षं दाराबाहेर रडत, ५ ऐकणाऱ्यांत, ४ गुडघे टेकणाऱ्यांत, २ उभं राहून पण प्रभुभोजनाविना. आज कुणी ते करणार नाही. पण त्याने शेवट ठरवून दिला होता, आणि आजच्या अनेक ठरावांत शेवटच नसतो. ठरावातच पुनर्विचाराची तारीख घाला, सहा महिन्यांच्या आत.

पश्चात्ताप ओळखायचा कसा? पकडलं जाण्याआधी काही सांगितलं का, संपर्क तोडला का, जोडीदाराला सांगितलं का, दुसऱ्यावर दोष ढकलणं थांबलं का, हे पाहा. अश्रूंवर जाऊ नका. आणि 'मला पुन्हा केव्हा शिकवू देणार?' हा पहिल्या महिन्यातला प्रश्न वाईट लक्षण आहे.

सभासदत्व परत देणं आणि पद परत देणं या दोन गोष्टी आहेत. पहिलं लवकर द्यावं, आणि ज्या सभेत काढलं त्याच सभेसमोर, तेवढ्याच स्पष्टपणे जाहीर करावं. पदासाठी १ तीमथ्य ३ ची 'अदूष्य', म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही असा, ही कसोटी आहे आणि ती काही प्रकरणांत पुन्हा कधीच पूर्ण होत नाही. मुलांवर अत्याचार केलेल्याला, शिक्षा भोगून तो कितीही बदलला तरी, मुलांच्या सेवेत घ्यायचं नाही. तो उपासनेला येणार असेल तर लेखी अटी हव्यात: ठरलेली जागा, सोबत नेमलेला माणूस, मुलांच्या खोल्यांकडे फिरकायचं नाही.

कारवाई चालू असताना सभासद दुसऱ्या मंडळीत जाण्यासाठी दाखला मागतो तेव्हा 'चांगल्या स्थितीत' असं लिहून सुटका करून घेण्याचा मोह होतो. तसं लिहू नका. 'शिस्तीची प्रक्रिया अपूर्ण आहे. त्यांच्या लेखी संमतीने अधिक माहिती देऊ' एवढं लिहा. मुलांना किंवा इतरांना धोका असेल तर संमतीची वाट न पाहता, वकिलाला विचारून, त्या मंडळीच्या पाळकाला कळवा. मूळ टिपणं कुलूपबंद कपाटात, दोघांच्याच हाती, आणि मुलांसंबंधीची कधीही नष्ट न करता.