लंडन पाहा, पण खिसा सांभाळून

लंडनहून आलेला माणूस सामान उघडण्याआधी पैशांची रडकथा उघडतो. उंच पाळण्यात बसायला इतके गेले, मेणाचे पुतळे बघायला तितके गेले, आणि प्रत्येक आकड्याला शंभरावर कितीतरी रुपयांनी गुणायचं! पण ती यादी नीट ऐकलीत तर एक गोष्ट लक्षात येते. पैसे गेले ते बहुतेक दुय्यम ठिकाणी. त्या शहरातल्या सर्वांत मोलाच्या गोष्टींना तिकीटच नाही, आणि ज्यांना आहे त्यांतल्याही काही, वेळ साधली तर, फुकटात आत जाऊन पाहता येतात. तेव्हा लंडनचं नियोजन पैशांपेक्षा घड्याळ आणि कॅलेंडर पुढ्यात ठेवून करायचं.

पायरी 1 : घरूनच करायची कामं

व्हिसाचा खर्च टळत नाही. युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा ब्रिटनला चालत नाही, हे मात्र आधीच ध्यानात घ्या. पॅरिसला जोडून दोन दिवस लंडन करू म्हणणारे इथे हमखास फसतात.

मग एकच ठिकाण असं ठरवा, जिथे पूर्ण तिकीट भरून जायचं. एकच. माझं मत टॉवर ऑफ लंडनला. तिकीट साधारण 35 पौंडांच्या घरात जातं, पण जवळजवळ हजार वर्षांचा किल्ला आहे, आणि 1937 साली घडवलेल्या राणीच्या मुकुटात बसवलेला कोहिनूर तिथेच आहे. सकाळी दारं उघडताना पोचा आणि आधी थेट रत्नागाराकडे चला. बाकीचा किल्ला नंतर निवांत बघता येतो. रत्नांसमोरची रांग मात्र दुपारी मारुतीच्या शेपटीसारखी वाढते.

शहर उंचावरून बघायचं असेल तर त्यालाही पैसे मोजायची गरज नाही. फेनचर्च स्ट्रीटवरच्या उंच इमारतीच्या माथ्यावर स्काय गार्डन आहे. प्रवेश मोफत, पण नोंदणी आधी करावी लागते. साधारण तीन आठवडे पुढच्या वेळा सोमवारी खुल्या होतात आणि संध्याकाळच्या वेळा भराभर संपतात. फोनवर सोमवारचा गजर लावून ठेवा. तिथे नाही जमलं तर जवळच बिशप्सगेटला होरायझन 22 आहे, 58 व्या मजल्यावर. तेही मोफत, तेही आधी नोंदवून.

पायरी 2 : एकच कार्ड, आणि बस

हीथ्रोवर उतरल्यावर पॅडिंग्टनला पंधरा मिनिटांत नेणारी महागडी गाडी समोर दिसेल. तिच्याकडे न बघता पिकॅडिली लाईनची ट्यूब, म्हणजे भुयारी रेल्वे, पकडा. तासभर लागतो, पण सहा पौंडांच्या आसपास काम होतं.

वेगळा पास काढायची गरज नाही. कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड फाटकावर टेकवायचं. दिवसभरात ठरावीक रकमेपर्यंत भाडं कापलं जातं आणि पुढचा प्रवास फुकट पडतो. मात्र दिवसभर तेच कार्ड वापरा. मी एकदा आत शिरताना कार्ड टेकवलं आणि बाहेर पडताना फोन. दोन्ही एकाच बँकेचे, एकाच खात्याचे. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, दोघांचाही प्रवास अर्धवट, आणि दोघांनाही जबर भाडं. ट्यूबमध्ये उतरतानाही टेकवायचं असतं, बसमध्ये फक्त चढताना.

खरी बचत बसमध्ये आहे. 2025 मध्ये बसचं भाडं 1.75 पौंड होतं, आणि पहिल्यांदा टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदलल्या तरी तेवढंच. पर्यटकांसाठीच्या उघड्या टपाच्या बसला कितीतरी पट पैसे कशाला द्यायचे? साध्या लाल बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर बसा. 15 नंबर ट्रॅफल्गर चौकातून सेंट पॉल्सवरून टॉवरपर्यंत नेते. 9 नंबर पिकॅडिली आणि हाइड पार्कच्या कडेने जाते.

पायरी 3 : दिवस भागांनुसार पाडा

आज पूर्व, उद्या पश्चिम असा एकेक भाग धरा. नाहीतर निम्मा दिवस जमिनीखाली जातो.

2001 च्या डिसेंबरपासून राष्ट्रीय संग्रहालयांचं कायमस्वरूपी दालन सगळ्यांना मोफत आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये रोझेटा शिला, अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं. नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये टिपूचा तो गोऱ्या शिपायाला फाडणारा लाकडी वाघ. तिथली वाघनखं 2024 मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली गेली. अफजलखानाच्या वेळची ती हीच, असं ते संग्रहालय स्वतः मात्र छातीठोकपणे म्हणत नाही. शुक्रवारी यांतली बरीच संग्रहालयं उशिरापर्यंत उघडी असतात, गर्दीही ओसरलेली असते. दिवसाला एकच संग्रहालय, तेही दोन-तीन तास. त्यापुढे डोळे बघतात, डोकं बघत नाही.

वेस्टमिन्स्टर ॲबे आणि सेंट पॉल्स या मोठ्या चर्चमध्ये पर्यटक म्हणून गेलात तर भरपूर पैसे पडतात. सायंप्रार्थनेला गेलात तर काहीच नाही. ती बहुतेक दिवशी पाचच्या सुमारास असते. त्या दिवसाची वेळ आधी पाहून घ्या आणि अर्धा तास अगोदर रांगेत उभे राहा. हिंडता येत नाही, फोटो काढता येत नाहीत, आणि ती त्यांची पूजा आहे हे विसरायचं नाही. पण सेंट पॉल्सच्या घुमटाखाली मुलांच्या गायनवृंदाचा सूर ऐकणं हे तिकिटाच्या फेरीपेक्षा सरस, असं मी म्हणेन.

ॲबेच्या शेजारीच संसद. अधिवेशन चालू असेल तर प्रेक्षक गॅलरीत बसून चर्चा ऐकायला पैसे लागत नाहीत. 1892 साली आपले दादाभाई नौरोजी याच संसदेत निवडून गेले होते.

बकिंगहॅम राजवाड्यासमोरचा पहारेबदल फुकट असला तरी कुंपणाशी जागा धरण्यात सकाळ जाते. त्यापेक्षा हॉर्स गार्ड्सला घोडेस्वारांचा पहारा बदलतो तो बघा, सकाळी 11 ला, रविवारी 10 ला.

ग्रीनिचसाठी अर्धा दिवस ठेवा. आयलंड गार्डन्स स्टेशनला उतरून 1902 च्या बोगद्यातून थेम्सच्या खालून पायी पलीकडे जा. वेधशाळेच्या अंगणातल्या शून्य रेखावृत्तावर उभं राहायला तिकीट लागतं. तीच रेषा बाहेरच्या भिंतीवर आणि पायवाटेवरही आखलेली आहे.

पायरी 4 : पोट

सुपरमार्केटात सँडविच, पेय आणि काहीतरी चटकमटक असं एकत्र स्वस्तात मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घ्या. युस्टन स्टेशनमागे ड्रमंड स्ट्रीटला भारतीय शाकाहारी खाणावळी आहेत. साउथॉलच्या गुरुद्वाऱ्यात लंगर असतो. डोकं झाकून, सेवेत हात लावून जेवा.

शेवटची संध्याकाळ

ती किंग हेन्रीज रोडला राखून ठेवा. चॉक फार्म हे जवळचं ट्यूब स्टेशन. 10 क्रमांकाच्या घरात 1921-22 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते. 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी लंडनमध्ये अर्धपोटी राहून वाचनालयात दिवस काढत होता. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा पाहून घ्या.

तिथून थोडं चाललं की प्रिमरोझ हिल. टेकडी बुटकीच, पण वरून अख्खं लंडन समोर पसरलेलं दिसतं. सोबत खायला काहीतरी आणि बसायला चादर घ्या. जूनमध्ये गेलात तर घाई नको, सूर्य रात्री नऊनंतर मावळतो.