सराव भरपूर, तरी हात बसत नाही? डिझाइनच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

रोज चार तास कॉम्प्युटरसमोर बसूनही सहा महिन्यांपूर्वीचं पोस्टर आणि आजचं पोस्टर एकाच दिवशी केल्यासारखं दिसत असेल, तर आणखी दोन तास वाढवून फरक पडणार नाही. चूक होणं आणि ती आपल्या लक्षात येणं, यांत जितके दिवस जातात तितकं शिकणं लांबतं. शीर्षक लांबून वाचता येत नाही, हे सबमिशनच्या दिवशी सरांनी सांगितल्यावरच कळत असेल, तर एका सेमिस्टरमध्ये ते पाच-सहा वेळाच कळणार. तेच दहा मिनिटांत कळलं, तर एका संध्याकाळी तीनदा दुरुस्त करून पाहता येतं. खालच्या बहुतेक चुका याच दिरंगाईच्या आहेत. उदाहरणं पोस्टर आणि देवनागरी अक्षरांची घेतली आहेत, कारण उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त गाडी तिथेच अडते.

ट्युटोरियल लावून सोबत करत जाणं

व्हिडिओ थांबवत थांबवत तेच बटण दाबलं की शेवटी चित्र हुबेहूब येतं आणि आपल्याला जमलं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी कोऱ्या फाइलवर बसलं की पहिलं पाऊलही आठवत नाही. कारण उघड आहे. कुठलं टूल कधी घ्यायचं हा निर्णय व्हिडिओ करणाऱ्याने घेतला होता, आपण फक्त हात चालवला.

उपाय असा: व्हिडिओ आधी न थांबवता पूर्ण पाहा. मग बंद करा आणि आठवेल तसं करा. अडलात की लगेच व्हिडिओ न उघडता कुठे अडलो ते एका ओळीत लिहून ठेवा आणि पुढे जा. शेवटी फक्त त्या दोन-तीन जागा पुन्हा पाहा. तिसऱ्या दिवशी तेच तंत्र वेगळ्या विषयावर वापरा.

पेन टूलसाठी (बिंदू जोडून रेषा काढण्याचं साधन) तर व्हिडिओचीही गरज नाही. ‘क’ किंवा ‘अ’ मोठा छापलेला घ्या आणि त्यावरून बाह्यरेषा काढा. बिंदू वळणाच्या टोकांवर, म्हणजे सर्वांत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ठेवा, आणि शिफ्ट दाबून त्यांची हँडल्स (वळण ठरवणाऱ्या दांड्या) सरळ आडवी किंवा उभी ओढा. पूर्ण वर्तुळाला ४ बिंदू पुरतात, हे लक्षात ठेवलं की आपण किती जास्त टाकतो ते मोजता येतं. रेषा हेलकावे खात असेल तर बिंदू वाढवू नका, मधला एक काढून पाहा.

ब्रीफ (काय करायचं याची मागणी) मिळालं की थेट सॉफ्टवेअर उघडणं

स्क्रीनवर पहिली मांडणी लगेच बरी दिसायला लागते, आणि बरी दिसली की ती सोडवत नाही. मग तीन तास त्याच मांडणीचे रंग बदलण्यात जातात.

एक ए-४ कागद घ्या आणि चार वेळा अर्धा दुमडा. उघडल्यावर १६ चौकटी मिळतात, प्रत्येक साधारण ५२ × ७४ मिलिमीटरची. ए मालिकेतल्या कागदाचं प्रमाण दुमडल्यावरही तेच राहतं, त्यामुळे या चौकटी ए-३ पोस्टरच्याच आकारमानाच्या असतात, पट्टी लावायची गरज नाही. प्रत्येक चौकटीला दोन मिनिटं. पेन्सिलऐवजी जाड स्केचपेन घ्या. बारीक टोक हातात असलं की मन तपशिलात शिरतं, आणि इथे फक्त काळा-पांढरा तोल बघायचा आहे. शीर्षक म्हणजे एक जाड पट्टा, चित्र म्हणजे एक आकार, बाकी मजकूर म्हणजे दोन रेघा.

पहिल्या चार-पाच चौकटींत वर्गातल्या सगळ्यांना सुचतं तेच येतं. पाणी वाचवाच्या पोस्टरवर थेंब आणि नळ येणारच. ते काढून मोकळे व्हा, खरी कल्पना बहुधा दहाव्या चौकटीनंतर येते. मग कागद भिंतीला लावून तीन मीटर मागे जा. तिथून ज्या चौकटीत काय मोठं आणि काय छोटं हे समजतं, तेवढ्याच दोन-तीन पुढे न्या. बत्तीस मिनिटांत सोळा वेळा चुकायची सोय दुसरीकडे मिळत नाही.

एकाच वेळी सगळं सुधारायला जाणं

रंग, अक्षरं, चित्र, मांडणी हे सगळं एकाच कामात पणाला लावलं की बिघडलं कुठे ते ओळखता येत नाही. एक आठवडा फक्त काळा रंग, एकच फॉन्ट आणि दोन मापं, एवढ्यावर काढा. दोन मापांत किमान दुपटीचा फरक ठेवा. १८ आणि २२ पॉइंटचा फरक लोकांना चुकून झाल्यासारखा वाटतो, १८ आणि ४८ चा मुद्दाम केलेला वाटतो. पुढच्या आठवड्यात फक्त एक रंग वाढवा. कंटाळा येतो हे खरं, पण मांडणी कच्ची असेल तर ती इथेच उघडी पडते. रंग आणि सावल्यांच्या आड लपत नाही.

देवनागरीला इंग्रजीचे नियम लावणं

बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ रोमन अक्षरांवर बेतलेले असतात. त्यातले आकडे देवनागरीला लावले की काम बिघडतं, आणि का बिघडलं ते सांगणारं कुणी समोर नसतं. म्हणून हा भाग जरा सविस्तर.

*जोडाक्षरं फुटणं.* ‘शक्ती’मधला ‘क’ पाय मोडून दिसणं, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाणं, रफार भलत्याच अक्षरावर बसणं. यात फॉन्टचा दोष क्वचित असतो. सॉफ्टवेअरचं मजकूर जुळवणारं यंत्र रोमनवर राहिलेलं असतं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. इलस्ट्रेटर आणि फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो, तो सुरू करा. कुठलाही नवा फॉन्ट घेतला की आधी ही ओळ टाकून बघा: ‘दुसऱ्या वर्षी सर्व कर्त्री, वाङ्मय, शक्ती, हृदय, द्वितीय, ॲप, ऑक्टोबर, बाळ’. ‘दुसऱ्या’तला अर्धा र किंवा ‘ॲ’ नीट येत नसेल तर तो फॉन्ट मराठीसाठी सोडून द्या, कितीही देखणा असला तरी.

*मजकूर चिकटवल्यावर अगम्य चिन्हं दिसणं.* तो मजकूर युनिकोडच्या (सगळीकडे एकसारखी चालणारी अक्षरांची पद्धत) आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. तिथे ‘क’च्या जागी मुळात एखादं रोमन अक्षर साठवलेलं असतं. फॉन्ट बदलत बसू नका, मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि नंतर एकदा शब्दन् शब्द वाचा. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात.

*अक्षरांत अंतर वाढवणं.* रोमन मोठ्या अक्षरांत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की ऐट येते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द कापल्यासारखा दिसतो. ट्रॅकिंग शून्यावर ठेवा. दोन्ही कडा सरळ केलेल्या परिच्छेदात सॉफ्टवेअर कधी कधी गुपचूप अक्षरांमधलं अंतर ताणतं, म्हणून जस्टिफिकेशनच्या सेटिंगमध्ये अक्षरांतर शून्य करा आणि ताण फक्त शब्दांमधल्या जागेवर जाऊ द्या. शीर्षक हवेशीर करायचंच असेल तर भोवतीची जागा वाढवा.

*ओळी एकमेकींवर चढणं.* अडोबीच्या प्रोग्रॅममध्ये ओळींचं आपोआप अंतर अक्षराच्या १२० टक्के असतं. रोमनला ते चालतं. देवनागरीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ‘र्की’त घुसतो. १६ पॉइंटच्या मजकुराला २३ ते २५ पॉइंटचं अंतर देऊन सुरुवात करा आणि फॉन्टप्रमाणे कमी-जास्त करा. मोठ्या शीर्षकात आकड्यावर विसंबू नका. कुठे उकार आणि मात्रा समोरासमोर येतात ते पाहून ती एक ओळ हाताने सरकवा.

*‘ल’ आणि ‘श’ परके वाटणं.* मराठी वळणात ल पाकळीचा आणि श देठाचा असतो. अनेक फॉन्टमध्ये मुळात हिंदी वळणाचा दंडाचा ल येतो. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली की काही फॉन्ट आपोआप योग्य रूप दाखवतात. ‘तिरो देवनागरी मराठी’ तर मराठी वळणासाठी वेगळाच केलेला फॉन्ट आहे आणि गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. परिच्छेदासाठी सरळ, साधा फॉन्ट हवा असेल तर ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ घ्या. त्यात रोमन अक्षरंही त्याच घडणीची असल्याने इंग्रजी नावं मध्ये आली तरी मजकूर ठिगळासारखा दिसत नाही.

यातलं बरंचसं बोरू (बांबूची लेखणी) हातात घेतला की आपसूक कळतं. तिरकं कापलेलं टोक कुठे जाड उमटतं आणि कुठे बारीक, हे पंधरा मिनिटं जुन्या वर्तमानपत्रावर गिरवलं की फॉन्टमध्ये जाडी कुठे चुकीच्या जागी आली आहे ते डोळ्याला टोचायला लागतं. अक्षरकार कमल शेडगे यांनी नाटकांसाठी केलेली शीर्षकं समोर ठेवून त्यांतली एखादी ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि शिरोरेषा कुठे ठेवली आहे, कुठे मोडली आहे, ते पाहा. उतरवलेलं मात्र वहीतच ठेवा. पोर्टफोलिओत गेलं की ती नक्कल ठरते.

रंग आवडीवर निवडणं

मजकूर वाचता न येण्याचं कारण पुष्कळदा रंग नसून उजळपणाचा फरक असतो. फोटोशॉपमध्ये सर्वांत वर काळ्या रंगाचा थर टाका आणि त्याचा ब्लेंड मोड ‘कलर’ करा. काम राखाडी दिसेल. आता शीर्षक पार्श्वभूमीत विरघळलं, तर रंगीत कामातही ते लांबून विरघळणारच. थर दाखवा-लपवा करत काम करण्याची सवय लावा.

आकडा हवा असेल तर वेबसाठीच्या सुलभता नियमांत साध्या मजकुराला ४.५:१ आणि मोठ्या मजकुराला ३:१ एवढा किमान फरक सांगितला आहे. नेहमीच्या भगव्यावर पांढरी अक्षरं टाकली तर हे प्रमाण जेमतेम २:१ येतं, तिथेच काळी टाकली तर १० च्या जवळ जातं. चौकाचौकातल्या फ्लेक्सवर मान्यवरांची नावं का वाचता येत नाहीत, याचं एक उत्तर इथे आहे. (दुसरं म्हणजे नावंच फार असतात.)

प्रिंट शेवटच्या रात्री काढणं

स्क्रीनवर १०० टक्के झूम म्हणजे खरं माप असेलच असं नाही. म्हणून काम अर्धं झालं की साध्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर ए-४ कागदांवर, माप न बदलता तुकड्यांत, प्रिंट काढा. मजकुराची मापं आणि कडेची जागा तिथेच समजते. बाकी नेहमीचे गोंधळ असे:

- निळा जांभळा छापला गेला: स्क्रीनचा गडद निळा शाईत तसा येत नाही. सायन (निळसर शाई) १०० असेल तर मॅजेन्टा (गुलाबी शाई) ७० च्या वर नेऊ नका.
- बारीक काळी अक्षरं धूसर आली: काळा चारही शाईंचा मिळून झाला आहे. मजकुराला फक्त काळी शाई १०० टक्के द्या. मोठ्या काळ्या पट्ट्याला मात्र थोडी सायन मिसळा, नाहीतर तो करडा दिसतो.
- कडेला पांढरी रेघ राहिली: चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापून जाणारी जास्तीची छपाई) दिलं नव्हतं. ब्लीडसह ए-३ फाइल ३०३ × ४२६ मिलिमीटर होते. १२ × १८ इंची शीटवर कापायच्या खुणांना जागा उरत नाही, १३ × १९ ची शीट मागा.
- फोटो फुटला: ए-३ला ३०० पीपीआयने (इंचामागे ३०० पिक्सेल) ३५०८ × ४९६१ पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रतिमा बहुतेक वेळा त्याहून बरीच लहान असते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.
- दुकानातल्या कॉम्प्युटरवर मराठी बदललं: मजकुराच्या बाह्यरेषा करून पीडीएफ द्या. शुद्धलेखन त्याआधी तपासा, आणि बदलता येणारी मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवा.

“कसं वाटतंय?” असं विचारणं

या प्रश्नाला मित्र “भारी” म्हणतो आणि आई “छान आहे रे” म्हणते. दोघांचाही उपयोग होत नाही, दोष प्रश्नाचा आहे. पोस्टर पाच सेकंद दाखवा, पालथं घाला आणि विचारा: कशाबद्दल होतं? कधी आहे? कुठे आहे? पहिल्यांदा नजर कशावर गेली? पाच जणांपैकी दोघांनाही तारीख सांगता आली नाही, तर ती मोठी करा किंवा जागा बदला, आणि दुसऱ्या पाच जणांना दाखवा. एकदा पाहिलेल्या माणसाला पुन्हा विचारून उपयोग नाही, त्याला उत्तर ठाऊक असतं. हे पाच जण डिझाइनचे विद्यार्थी नसलेले बरे. शेजारचे काका, कँटीनमधले दादा चालतील. आणि उत्तर येत असताना “अरे, ते मी मुद्दाम केलंय” हे तोंडातून बाहेर पडू देऊ नका. भिंतीवरच्या पोस्टरशेजारी तुम्ही समजावायला उभे नसता.

करेक्शनला, म्हणजे शिक्षकांना काम दाखवायला, जातानाही एकच मांडणी नेऊ नका. दोन वेगळ्या मांडण्या आणि एक नेमका प्रश्न न्या, उदाहरणार्थ “तारीख वर ठेवली तर शीर्षकाचं वजन कमी होतंय का?” सर किंवा मॅडम जे सांगतील ते त्याच प्रिंटवर लाल पेनाने लिहा.

सुधारलेली फाइल जुन्यावरच सेव्ह करणं

‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरंच फायनल’ अशी नावं सगळ्यांकडे असतात. त्याऐवजी तारीख आणि क्रमांक द्या आणि प्रत्येक टप्प्याचं छोटं जेपीजी एका फोल्डरमध्ये टाका. लाल पेनाच्या शेऱ्यांचीही एक यादी ठेवा. महिन्याच्या शेवटी त्यात कुठला शेरा तीनपेक्षा जास्त वेळा आला ते मोजा, पुढच्या महिन्याचा सराव तेवढ्याचाच. तीन महिन्यांनी पहिल्या फोल्डरमधलं सर्वांत कच्चं पोस्टर काढा, जुनी फाइल न उघडता त्याच ब्रीफवर दोन तासांत नवं करा, आणि दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी लावा.