भटकंतीत या चुका टाळा: त्रास लहान असतानाच थांबा

डोंगरात किंवा रानात एखाद्यावर बिकट प्रसंग ओढवतो तेव्हा त्याची सुरुवात बहुधा किरकोळ गोष्टीने झालेली असते. बुटात शिरलेला खडा किंवा घामाने भिजलेला सदरा आपण "पुढच्या टप्प्यावर बघू" म्हणत रेटत नेतो आणि संध्याकाळपर्यंत तेच अंगाशी येते. म्हणून येथे चुकांबरोबरच, चूक होऊन गेली असल्यास काय करावे, हेही सांगितले आहे.

पायांची हेळसांड ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. फोड एकदम येत नाही. आधी टाचेला किंवा अंगठ्याच्या कडेला नुसते गरम लागते, मग चुरचुरते आणि कातडी लाल दिसू लागते. नेमक्या याच वेळी, सोबत्यांची चाल मोडेल याचा संकोच न बाळगता, थांबावे. बूट काढून मोजा उलटा करावा, त्यातली वाळू झटकावी, पाय पुसून पूर्ण कोरडा होऊ द्यावा आणि मगच लाल झालेल्या जागेवर सुरकुती न पडता चिकटपट्टी लावावी, कारण ओल्या कातडीवर ती टिकत नाही आणि गोळा झालेली पट्टी स्वतःच घासू लागते. फोड आलाच असेल तर तो शक्यतो फोडू नये; मऊ गादीच्या तुकड्याला मधोमध भोक पाडून तो फोडाभोवती बसवावा, म्हणजे दाब कडेवर जातो. नवे कोरे बूट थेट लांबच्या वाटेवर घालणे तर टाळावेच. बूट संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, मोजे घालूनच पारखून घ्यावेत.

दुसरी चूक कपड्यांची. सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले झाले की ऊब देत नाही. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, शिवाय दर 1000 मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे तापमान शून्याच्या बरेच वर असले तरी वारा आणि पाऊस मिळून माणसाला धोकादायक रीतीने गारठवू शकतात. चढ संपल्यावर वाऱ्यात बसून राहण्याआधी ओला सदरा बदलावा, ही सवय मला सर्वांत मोलाची वाटते. सोबती कुडकुडत असेल, त्याला बटणे लावता येत नसतील किंवा त्याचे बोलणे अडखळत असेल, तर "मी ठीक आहे" या त्याच्या शब्दावर विसंबू नये. त्याला आडोशाला न्यावे, कोरडे कपडे घालावेत, खाली जाड काहीतरी अंथरावे आणि शुद्धीवर असल्यास गोड, गरम पेय द्यावे. मद्य मुळीच देऊ नये. कुडकुडणे थांबले, पण तो गुंगू लागला, तर ती सुधारणा नसून बिघाड आहे. तातडीने मदत बोलवावी.

वेळेचा अंदाज केवळ अंतरावरून बांधणे ही तिसरी चूक. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये मांडलेला आडाखा आजही उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे 900 मीटर चढ असलेल्या 12 किलोमीटरच्या वाटेला विश्रांती न धरताही जवळजवळ चार तास लागतात. परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि शिखर समोर दिसत असले तरी ती पाळावी. वाट चुकल्याची शंका आली तर ओढ्याच्या कडेने खाली उतरत सुटू नये, कारण असे ओढे पुष्कळदा कड्यावर जाऊन संपतात. खात्रीची शेवटची जागा ठाऊक असेल तर तिथवर मागे जावे, नाहीतर एका जागी थांबून मिनिटाला सहा शिट्ट्या द्याव्यात, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा द्याव्यात.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर वादळ 10 किलोमीटरच्या आत आहे. डोंगराची धार आणि माथा तत्काळ सोडावा, एकट्या झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. तंबू विजेपासून वाचवत नाही. बंद तंबूत स्टोव्ह पेटवणेही जिवावर बेतते, कारण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

पाणी थोडे थोडे, तहानेच्या कलाने प्यावे. तासन्‌तास घाम गाळत नुसते पाणी ढोसल्याने रक्तातील सोडियम घातक पातळीपर्यंत घसरू शकते, म्हणून सोबत खारट खाणेही ठेवावे.

निघण्यापूर्वी घरी राहणाऱ्या एका व्यक्तीला वाट, सोबत्यांची नावे आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत बोलवायची, हे लिहून द्यावे. परतल्यावर त्या व्यक्तीला आधी फोन करावा, बूट मागाहून काढावेत.